एका युनिटमागे पाव किलो राख: खसाळ्याचा फुटलेला बंधारा आणि आपल्या विजेचा हिशेब

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की नागपुरात घरोघरी एकच चर्चा होते: एवढं कसं आलं? मग बिल उलटसुलट करून पाहिलं जातं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. पैशाचा हिशेब अगदी पै न् पैचा असतो. ती वीज तयार होताना मागे काय उरलं, याची ओळ मात्र त्या कागदावर कुठेच नसते. जे उरतं त्याला कारखान्यात फ्लाय अ‍ॅश म्हणतात, सरकारी कागदात राख म्हणतात आणि कोराडी-खापरखेड्याच्या पट्ट्यात म्हणतात राखड.

शनिवार, १६ जुलै २०२२. विदर्भात संततधार सुरू होती. त्या दिवशी कोराडी औष्णिक विद्युत केंद्राचा खसाळा इथला राख बंधारा फुटला. वर्षानुवर्षं साठवलेलं राखमिश्रित पाणी खसाळा, म्हसाळा, कवठा, खैरी या गावांच्या शिवारात शिरलं, पेरलेल्या शेतांवर पसरलं, नाल्यांतून कोलार आणि पुढे कन्हान नदीत गेलं. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा दुसरा मोठा आधार. पेंचचं पाणी जिथे पोहोचत नाही, त्या उत्तर आणि पूर्व नागपुराच्या मोठ्या भागाला कन्हानच्या काठावरच्या २४० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रातून पाणी येतं.

बातमी दोन-चार दिवस पहिल्या पानावर राहिली. नंतर पूर आला, पंचनामे आले, सणवार आले. मला मात्र हे प्रकरण आजही बंद झालेलं वाटत नाही. त्यात चूक कोणाची एवढाच प्रश्न नाही. आपण वापरतो ती वीज आणि आपण टाकतो तो कचरा यांना आपण दोन वेगळे विषय समजतो. खसाळ्यात ते एकच आहेत हे डोळ्यांना दिसलं.

पट्टा कसा आहे

नागपूरहून सावनेर रस्त्याने निघालं की कोराडीच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला जाणारे लाखो लोक या चिमण्यांच्या सावलीतूनच जातात. इथलं पहिलं युनिट, म्हणजे वीजनिर्मितीचा संच, १९७४ मध्ये सुरू झालं. ती जुनी १२० मेगावॅटची युनिटं आता इतिहासजमा झाली. २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटची तीन नवी सुपरक्रिटिकल युनिटं उभी राहिली, म्हणजे नुसती नवी क्षमताच १,९८० मेगावॅट. थोडं पुढे खापरखेडा, १,३४० मेगावॅट. दोन्ही केंद्रं महानिर्मितीची, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची, एकमेकांपासून काही किलोमीटरवर. जवळच बीना संगम, जिथे कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या एकत्र येतात. तीन नद्यांच्या संगमाशेजारी दोन औष्णिक केंद्रं आणि त्यांचे राख बंधारे. आज कोणी कोऱ्या नकाशावर ही जागा निवडली असती तर तज्ज्ञांनी हात धरला असता. पण कोळसा जवळ, पाणी जवळ, रेल्वे जवळ, आणि तेव्हा राखेचा विचार शेवटी करायची रीत होती.

विदर्भाचा नकाशा या नजरेने पाहिला तर असे पट्टे ठिकठिकाणी आहेत. चंद्रपूर २,९२० मेगावॅट, मौदा २,३२०, तिरोडा ३,३००, अमरावतीजवळ नांदगावपेठ १,३५०, शिवाय पारस. यातली बरीच वीज उच्चदाबाच्या तारांवरून पश्चिमेकडे जाते. पुण्याचे कारखाने, ठाण्याचे मॉल, नाशिकची शीतगृहं त्यावर चालतात. तार वीज नेते, राख मात्र तारेतून जात नाही. ती जिथे जळाली तिथेच राहते. विदर्भाचा अनुशेष म्हटला की सिंचन आणि रस्ते आठवतात. माझ्या मते राख हाही एक अनुशेष आहे, फक्त तो उलट्या दिशेने साठत गेला.

पाव किलोचा हिशेब

आता थोडं गणित करू. ते कुणालाही कागद-पेन घेऊन करता येईल.

आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण फार. आयात कोळशात ते साधारण १० ते १५ टक्के असतं, आपल्या देशी कोळशात ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. नव्या संचात एक युनिट वीज तयार करायला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो, जुन्यात त्याहून जास्त. म्हणजे कोळशावरच्या एका युनिट विजेमागे जवळपास पाव किलो राख.

महिन्याला ३०० युनिट वापरणारं घर धरा. त्याची वीज पूर्ण कोळशाची मानली तर महिन्याची ७५ किलो राख झाली. सिमेंटच्या दीड गोण्या. घरासमोर दर महिन्याला कुणी दीड गोणी राख आणून ओतली असती, तर दिवाणखान्यात रिकामा फिरणारा पंखा बंद करायची आठवण कुणाला करून द्यावी लागली नसती. ती राख खसाळ्यात पडते म्हणून आपल्याला दिसत नाही.

उन्हाळ्यात हा आकडा कसा फुगतो तेही पाहण्यासारखं आहे. नागपूरचा जुना उपाय म्हणजे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर. मोठा कूलरही साधारण २०० वॅट घेतो. रात्रभर आठ तास चालवला तर दीड युनिटाच्या आसपास, राख चारशे ग्रॅम. दीड टनाचा एसी त्याच आठ तासांत सात-आठ युनिट सहज खातो, म्हणजे दोन किलोच्या आसपास राख. तारांतली गळती धरली तर आणखी थोडी. एसी लावूच नये असं मी म्हणणार नाही. ४५ अंशांत घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर तो चैनीचा प्रश्न राहत नाही. पण एका खोलीच्या एका रात्रीची राख दोन किलो, हे ठाऊक असलं की माणूस २० अंशांवरचा रिमोट २६ वर आणताना दोनदा विचार करत नाही.

आता हेच गणित केंद्राच्या बाजूने मांडू. १,९८० मेगावॅटची कोराडीची नवी युनिटं तीन चतुर्थांश भाराने चालली तरी दिवसाला साडेतीन कोटी युनिट वीज होते. पाव किलोने गुणलं की राख होते नऊ हजार टनांच्या घरात. एका टिपरात वीस टन मावतात असं धरलं तर साडेचारशे फेऱ्या, म्हणजे अहोरात्र दर तीन-सव्वातीन मिनिटाला एक टिपर. हे फक्त एका केंद्राचं, एका दिवसाचं. उद्या पुन्हा नऊ हजार टन.

राख बंधाऱ्यात कशी जाते आणि बंधारा का फुटतो

बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी जळते तेव्हा दोन प्रकारची राख होते. जड राख तळाशी पडते, ती एकूण राखेच्या साधारण पाचवा भाग. उरलेली हलकी राख धुराबरोबर वर निघते. तिला ईएसपी नावाचं यंत्र विजेच्या भाराने ओढून पत्र्यांवर पकडतं आणि तिथून ती खालच्या हॉपरमध्ये गोळा होते. ही कोरडी राख सायलोत, म्हणजे मोठ्या उभ्या टाक्यांत, भरून सिमेंटच्या कारखान्यांना, विटांच्या भट्ट्यांना देता येते. जिला गिऱ्हाईक मिळत नाही ती, आणि तळाची जड राख, पाण्यात कालवून पाइपातून बंधाऱ्याकडे ढकलली जाते. एक भाग राख वाहून न्यायला पाच-सहा भाग, कधी त्याहूनही जास्त पाणी लागतं. बंधाऱ्यात राख खाली बसते, वरचं निवळलेलं पाणी विहिरीसारख्या मनोऱ्यातून काढून परत केंद्रात आणायचं असतं.

ही राख हातात घेऊन पाहिली नसेल तर एकदा जरूर पाहा. राखेच्या विटा करणाऱ्या कोणत्याही कारखान्यावर तिचा ढीग असतो. चिमूट बोटांत धरली तर मैद्यासारखी लागते, रेतीचा कचकचाट बिलकूल नाही. बोटं चोळली की कातडीच्या रेषांत जाऊन बसते, झटकून निघत नाही, धुवावीच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या गोल मण्यांसारखे दिसतात. हा गोलपणा सिमेंटमध्ये कामाला येतो, पण बंधाऱ्यात तोच घात करतो. थोडी ओलसर असताना ही राख बऱ्यापैकी घट्ट बसते. पाण्याने तुडुंब भरली की तिची पकड सुटते आणि ती पातळ पिठल्यासारखी वाहायला लागते.

राख बंधारा एकदा बांधून संपत नाही. सुरुवातीला मातीचा बांध घालतात. आतली जागा भरत आली की त्यावर आणखी उंची चढवतात, बऱ्याचदा आधीच्या बसलेल्या राखेवरच नवा बांध टेकवून. दरवर्षी पातळी वर, दरवर्षी पायावर ओझं जास्त. अशा बांधाला जपायचं तर काही गोष्टी सतत बघाव्या लागतात: पाण्याच्या वर बांधाची किती उंची मोकळी आहे, निवळलेलं पाणी मनोऱ्यातून वेळेवर निघतं की नाही, बांधाच्या पायथ्याशी ओल किंवा पाझर वाढला का, पाझराचं पाणी स्वच्छ येतं की गढूळ. गढूळ पाझर म्हणजे बांध आतून खायला सुरुवात झाली, हे जुन्या पाझर तलावांवर काम केलेला कुठलाही मुकादम सांगेल.

त्यामुळे ‘अतिवृष्टीमुळे बंधारा फुटला’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. पाऊस निमित्त झाला, यात वाद नाही. पण विदर्भात जुलैमध्ये पाऊस पडतो. एका रात्रीत दोनशे मिलिमीटरही कधी कधी पडतो. मोठं धरण बांधताना येऊ शकणारा मोठ्यात मोठा पूर हिशेबात धरतात. राखेच्या बंधाऱ्याच्या पोटात पाण्याहून वाईट गोष्ट असते, तरी त्याच्याकडे धरणासारखं कुणी पाहत नाही. धरणाला उपअभियंता असतो, पातळीची नोंदवही असते, पूर सोडण्याआधी नदीकाठी भोंगा वाजतो. राख बंधाऱ्याखालच्या गावाला यातलं काही ऐकू येत नाही.

असे अपघात जगात दुसरीकडेही झालेत. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्री बंधारा फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा चिखल बाहेर आला आणि तीनशे एकर जमीन-पाण्यावर पसरला. आपल्याच देशात मध्य प्रदेशातल्या सिंगरौली भागात १० एप्रिल २०२० रोजी सासनच्या केंद्राचा बंधारा फुटला, त्यात सहा जीव गेले. तो एप्रिल होता. पावसाचं निमित्तही नव्हतं.

शेतात, विहिरीत, नळात

राखेचं पाणी शेतातून ओसरलं तरी राख मागे राहते. ऊन पडलं की तिचा पापुद्रा धरतो. त्याखाली नुकतं उगवलेलं सोयाबीन किंवा कपाशी गुदमरते. जुलै मध्यापर्यंत पेरणी आटोपलेली असते, बियाणं-खताचे पैसे जमिनीत गेलेले असतात आणि दुबार पेरणीचा हंगाम हातातून निसटत असतो. या तारखेला बंधारा फुटणं म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष जाणं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. योग्य प्रमाणात, तपासून वापरलेली राख चिकण काळ्या जमिनीला थोडी भुसभुशीत करू शकते, यावर कृषी संशोधन झालेलं आहे. पण एकरी मोजून मिसळलेली राख वेगळी आणि बांध फुटून आलेला वीतभर थर वेगळा. राखेत मुख्यतः सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहाची संयुगं असतात, पण त्यांच्याबरोबर आर्सेनिक, पारा, शिसं, क्रोमियम, बोरॉन, सेलेनियम अशी मंडळीही अल्प प्रमाणात येतात. कोळशात ती विखुरलेली असतात. कोळसा जळून गेल्यावर राखेत त्यांची दाटी होते, आणि राख वर्षानुवर्षं पाण्यात भिजत राहिली की त्यातली काही पाण्यात उतरतात. बंधाऱ्याच्या तळाला नीट अस्तर नसेल तर ते पाणी विहिरींकडे सरकतं.

बंधारा फुटण्याच्या आठ महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मंथन अध्ययन केंद्र, असर आणि नागपूरचं सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी कोराडी-खापरखेडा भागातल्या पाण्याचे नमुने तपासून अहवाल प्रसिद्ध केला होता. कितीतरी ठिकाणच्या भूजलात आणि नदी-नाल्यांत पारा, आर्सेनिक, शिसं यांसारखे घटक मर्यादेबाहेर असल्याचं त्यात नोंदवलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पारशिवनी तालुक्यातल्या नांदगाव इथल्या खापरखेड्याच्या नव्या राख तलावाविरुद्ध गावकरी उभे राहिले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तिथे राख टाकणं थांबवायला लावलं आणि स्वतः येऊन पाहणी केली. कन्हानच्या पाण्यात राख उतरते ही नागपूर महापालिकेची तक्रार तर त्याहूनही जुनी. म्हणजे जुलै २०२२ हा आकाशातून पडलेला प्रसंग नव्हता. या पट्ट्यातल्या राखेबद्दल गावं बोलत होती, संस्था बोलत होत्या, महापालिका बोलत होती.

गावकऱ्यांच्या दृष्टीने राखडीचे दोन ऋतू असतात. उन्हाळ्यात ती उडते, पावसाळ्यात वाहते. मे महिन्यात बंधाऱ्याचा वरचा थर सुकला, त्यावर पाणी मारण्यात कुचराई झाली आणि दुपारची वावटळ उठली की अंगणातल्या वाळवणावर, विहिरीच्या पाण्यावर, जनावरांच्या वैरणीवर करडी साय धरते. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण श्वासाबरोबर खोल जातात. बंधारा फुटणं ही एक दिवसाची बातमी असते. उडणारी राख रोजची, म्हणून तिची बातमी होत नाही.

आता या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. नागपूरच्या मोऱ्या-संडासांचं पाणी भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध होतं आणि त्यातलं रोजचं १३ कोटी लिटर पाणी पाइपाने कोराडीला जातं, वीज केंद्राच्या कामासाठी. ही खरोखर चांगली गोष्ट आहे. एवढं सांडपाणी वीज केंद्राला देणारं नागपूर देशातलं पहिलं शहर ठरलं, आणि त्यामुळे पेंचचं तेवढं चांगलं पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी उरलं. म्हणजे शहराने आपलं घाण पाणी स्वच्छ करून केंद्राला दिलं. त्याच केंद्राची राख कोलारमार्गे कन्हानमध्ये गेली आणि कन्हानचं पाणी शहराच्या नळात येतं. कचऱ्याचा पुनर्वापर कसा करावा याचा उत्तम नमुना आणि कचरा कसा ठेवू नये याचा नमुना, दोन्ही एकाच पाइपाच्या दोन टोकांना.

कायदा आहे, मग अडतं कुठे

राखेबद्दल केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. त्यानंतर २००३, २००९, २०१६ अशा दुरुस्त्या झाल्या. दर वेळी शंभर टक्के वापराचं उद्दिष्ट पुढे ढकललं गेलं. ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना त्या मानाने कडक आहे. प्रदूषण करणाऱ्याने पैसे मोजायचे हे तत्त्व तिच्यात आलं. न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई आली. जुनी साठलेली राखही दहा वर्षांत संपवायची, असं बंधन आलं. महाराष्ट्राने तर २०१६ मध्येच राख वापराचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं होतं.

राखेला उपयोग नाही असंही नाही. बांधकामाच्या दुकानात सिमेंटच्या गोणीवर ‘पीपीसी’ छापलेलं दिसतं, त्यात ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अ‍ॅश असू शकते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घराच्या भिंतीत राख आहेच, आणि ती तिथे अतिशय चांगलं काम करते. तेवढा चुनखडीचा दगड भाजावा लागत नाही, तेवढा कार्बन हवेत जात नाही. करड्या विटा आहेत, रस्त्यांचे भराव आहेत.

आकडेवारीही वरवर पाहता उत्साह वाढवणारी आहे. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख तयार झाली आणि तिच्यापैकी जवळपास ९६ टक्के वापरली गेली, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची आकडेवारी सांगते. पण उरलेले चार टक्के म्हणजे एक कोटी टनांहून जास्त. ‘वापर’ या शब्दात सखल जमिनी आणि खाणींचे खड्डे भरणंही मोजलं जातं, आणि भराव नीट न झाकता केला तर राखेचा पत्ता तेवढा बदलतो. शिवाय आधीच्या कित्येक वर्षांची बंधाऱ्यांत साचलेली राख या टक्केवारीत येतच नाही. खसाळ्यात वाहून आली ती मुख्यतः हीच जुनी राख.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी वार्षिक टक्केवारीत पार बुडून जाते. राखेची मागणी बांधकामावर चालते, आणि बांधकाम आपल्याकडे हंगामी असतं. पावसाळ्यात विटांचं काम थंडावतं, रस्त्यांचे भराव थांबतात, बंधाऱ्यातून ओली राख उचलणाऱ्या गाड्या चिखलात रुततात. वीज मात्र पावसाळ्यातही लागते. म्हणजे राखेला उठाव नसतो तेव्हाच बंधाऱ्यात पाणीही भरत असतं. वर्षाअखेरीस ९६ टक्के दाखवणारं केंद्रसुद्धा जुलै महिन्यात काठोकाठ भरलेल्या बंधाऱ्यावर बसलेलं असू शकतं. माझ्या मते या प्रकरणातून धोरणासाठी काही एक गोष्ट उचलायची असेल तर ती ही: राखेच्या वापराचा हिशेब वर्षाचा न मागता महिन्याचा मागावा, आणि ३१ मे रोजी प्रत्येक बंधाऱ्यात किती जागा रिकामी आहे याची सक्तीने तपासणी व्हावी. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई महापालिका मोजते, तशीच ही मोजता येईल.

बाकीचे उपाय अभियंत्यांना पाठ आहेत. कोरडी राख कोरडीच उचलायची, सायलो वाढवायचे, रेल्वेच्या बंद वाघिणींतून लांबच्या सिमेंट कारखान्यांना पाठवायची, पातळ पाण्याऐवजी घट्ट लगद्याने वाहून न्यायची म्हणजे पाणीही वाचतं आणि बांधावरचा दाबही कमी होतो. यातलं काहीच नवं नाही. पैसा लागतो, आणि तो पैसा शेवटी विजेच्या दरात येणार म्हणून सगळे कचरतात. मला वाटतं तो उघडपणे यावा. आज तो खर्च खसाळ्याचा शेतकरी दुबार पेरणीत भरतो, उत्तर नागपूरची बाई गढूळ पाणी उकळण्यात भरते. बिलात ‘राख व्यवस्थापन आकार’ अशी एक ओळ छापून आली आणि युनिटमागे काही पैसे वाढले, तर ओरड होईल. पण निदान मी किती राख केली हे मला कळेल.

नवी युनिटं येताना

हे सगळं डोळ्यांसमोर असताना २९ मे २०२३ रोजी, ऐन उन्हात, कोराडीतच ६६० मेगावॅटच्या आणखी दोन युनिटांसाठी जनसुनावणी झाली. आणखी १,३२० मेगावॅट. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की जुनी, जास्त कोळसा खाणारी युनिटं बंद करून ही नवी येतील. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की नागपूर शहराला लागून, याच नद्यांच्या काठावर, आणखी राख नको. जुन्याच्या जागी नवं आलं तर युनिटमागची राख थोडी कमी होते, हे खरं. पण एकूण राख किती होईल, ती कुठे जाईल, खसाळ्याचा आणि खापरखेड्याच्या वारेगाव बंधाऱ्याचा साठा कधी रिकामा होणार, याची तारीखवार उत्तरं आधी मिळायला हवीत. मंजुरी आधी आणि राखेची व्यवस्था नंतर, या क्रमानेच आपण १९७४ पासून आलो आहोत.

मागणीची बाजूही सोडता येत नाही. महावितरणची कमाल मागणी आता २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. ती भागवायची कशी, हा प्रश्न मी टाळत नाही. पण त्यातला शेतीपंपांचा मोठा वाटा दिवसा सौर विजेवर नेता येतो. २०२३ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तेच काम चाललं आहे. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची त्यातून सुटका होते आणि तेवढा कोळसाही जळत नाही. घरांच्या छतावर सौरपट्ट्या, कार्यालयांत दुपारी पडदे ओढून जळणाऱ्या दिव्यांना चाप, जुने पंखे बदलणं, हे सगळं फुटकळ वाटतं. पण ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा नवा लावला आणि तो वर्षातून तीन हजार तास चालला, तर १३५ युनिट वाचतात. पाव किलोने गुणा: एका पंख्यामागे वर्षाला जवळपास ३४ किलो राख कमी. शहरातले सगळे पंखे धरले तर तो आकडा टिपरांत मोजावा लागेल.

नागपूरची वर्तमानपत्रं दर पावसाळ्यात तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांच्या पाण्याची पातळी छापतात. किती टक्के भरलं, किती दरवाजे उघडले, हे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही तोंडपाठ असतं. त्याच चौकटीत आणखी दोन ओळी बसतात: खसाळा राख बंधारा, वारेगाव राख बंधारा, आजची पातळी, काठापासून किती मीटर खाली. तेवढीच नोंद खसाळा, म्हसाळा, कवठा, खैरीच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर रोज सकाळी खडूने लिहिली जावी. मोजपट्टी लावायला फार खर्च येत नाही. पहिली नोंद मृग नक्षत्र लागायच्या आत व्हायला हवी.